टॅलीवर बसून मान धरतेय, खुर्ची बदलू का मॉनिटर? (सोलापूर)

अकरा_तारीख

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच एका टॅक्स कन्सल्टंटकडं अकाउंट्सचं काम करतो, ऑफिस सात रस्त्याकडं. वय चाळिशीच्या पुढं, चष्मा प्रोग्रेसिव्ह. काम म्हणजे चादर-टॉवेलवाल्या पार्ट्यांची बिलं, परचेस, बँक स्टेटमेंट सगळं टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मारायचं आणि मग जीएसटी पोर्टलवर चढवायचं. महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की जागचं उठायला होत नाही, चहा पण टेबलावरच येतो.

तर प्रॉब्लेम असा की दुपारनंतर मानेची डावी बाजू धरते, तिथून दुखणं खाली खांद्याच्या फऱ्यापर्यंत उतरतं आणि संध्याकाळी डोक्याच्या मागं ठणकायला लागतं. सकाळी उठल्यावर बरं असतं, रविवारी तर काहीच नसतं, म्हणजे कामाचंच दुखणं आहे हे मला पण कळतं. हाताला मुंग्या वगैरे नाहीत. एकदा एक्सरे काढला तर मणक्यात गॅप कमी झालाय म्हणाले, पट्टा दिला. तो लावून बसलं की येणारी प्रत्येक पार्टी ॲक्सिडेंट कुठं झाला विचारते म्हणून तो ड्रॉवरमध्ये पडलाय.

सेटिंग सांगतो. टेबल सनमायकाचं जुनं, ३० इंच उंच. माझी उंची ५ फूट ४ इंच. खुर्ची चाकाची आहे, वरखाली होते, पण तिचे हात टेबलाला अडकतात म्हणून आत सरकत नाही आणि मी पुढच्या कडेवर बसतो. मॉनिटर समोर टेबलावरच, बिलांची फाईल डाव्या हाताला सपाट, उजवीकडं माऊस, त्याच्या पलीकडं कॅल्क्युलेटर. फोन दिवसभर चालू, तो मान आणि खांद्यात धरायचा आणि हातानं एन्ट्री चालू ठेवायची.

मालक म्हणतात खुर्ची घेऊ. नेटवर एक गेमिंगवाली १८ हजारची बघितलीय, लाल-काळी, मानेला उशी असलेली. मित्र म्हणतो खुर्चीत पैसे घालू नको, मॉनिटर वर घे. सलूनवाला म्हणतो मालिश करून एकदा कटकन मान मोडून देतो, सगळं मोकळं होईल. नेमकं आधी काय बदलायचं सांगा.

हुतात्मावाली

दादा मी पुण्याच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरातून घरून करते, आधी हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन-येऊन असायचे म्हणून हे नाव. या मानेच्या भानगडीतून मी पण गेलीय म्हणून सांगते, खुर्ची नंतर, आधी टेबलाची उंची बघा.

३० इंच टेबल तुमच्या उंचीला जास्त आहे, मी तर तुमच्याहून बुटकी, मला ते जवळजवळ छातीला लागायचं. टेबल उंच असलं की कोपर उचलून टाइप करावं लागतं, मग खांदे दिवसभर कानाकडं चढलेले राहतात आणि ते चढलेत हे आपल्याला कळत पण नाही, संध्याकाळी खांदे भरून आले की मग आपण म्हणतो मान दुखते. आता टेबल कापता येत नसेल तर खुर्ची वर घ्यायची, इतकी की खांदे सैल सोडल्यावर कोपर कीबोर्डच्या पातळीला यावं आणि हात साधारण काटकोनात किंवा जरा उघडा राहावा. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, लोंबकळले की मांडीखाली दाब येतो आणि माणूस परत पुढं घसरून कडेवर बसतो, म्हणून पायाखाली काहीतरी पाहिजेच. तुमच्या ऑफिसात झेरॉक्स पेपरचे रिम असणार, ए-फोरचा एक रिम साधारण दोन इंच असतो, दोन-दोन रिम लावून बघा किती उंची लागते, मग त्या मापाचं लाकडी खोकं सुताराकडून करून घ्या. मी घरातला पाट वापरते आणि सासूबाई रोज संध्याकाळी तो शोधत येतात.

खुर्चीचे हात अडकतात म्हणालात ना, बहुतेक खुर्च्यांना खालून ते चार-सहा बोल्टनं बसवलेले असतात, काढून टाका. हात नसलेली पण टेबलात आत सरकणारी खुर्ची परवडली, हात असून लांब राहणारी काय कामाची.

आणि मॉनिटर. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याच्या थोडी खाली, अंतर म्हणजे हात लांब केला तर बोटं स्क्रीनला टेकतील एवढं. लॅपटॉपवाल्यांनी हे वाचत असाल तर तुम्हाला हे जमणारच नाही, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड एकाच अंगाला जोडलेत, एक नीट केलं की दुसरं बिघडतं. लॅपटॉप उंचावर ठेवा आणि बाहेरून साधा कीबोर्ड-माऊस जोडा, तेवढा खर्च केलाच पाहिजे.

काय_बे_सोलापूर

गेमिंग खुर्चीवर बसून जीएसटी भरणार, लेव्हल कुठली पार होणार बे त्यात 😂 पोर्टल हँग झालं की तीच खुर्ची मालकावर फेकू नका म्हणजे झालं.

जोक सोडा. आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय, मोबाईल बघायला मान ६० अंशात वाकवली की मानेवर २७ किलो वजन पडतं म्हणून, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा जास्त. हे खरंय का कुणीपण उठून बनवलंय? कारण तसं असलं तर आमच्या पार्क चौकातल्या पोरांच्या माना आत्तापर्यंत तुटून पडायला पाहिजे होत्या की लका.

पॉइंट_पेपर

मी चादरीच्या कारखान्यात डिझाईनला आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसी. माझा मुद्दा वेगळाय जरा.

आमच्या लाईनीत पूर्वी जकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं डिझाईन चौकटीच्या कागदावर भरायचे, एकेक चौकोन ब्रशनं, एक चौकोन म्हणजे एक धाग्यावर एक धागा, मग त्यावरून कार्डं पंच व्हायची. मोर असो की कमळ असो, पूर्ण कागद भरेपर्यंत मान खाली. जुन्या डिझायनर लोकांची पाठ बघितली की कळतं किती वर्षं काम केलंय. आता सगळं सॉफ्टवेअरवर आलं, आम्हाला वाटलं मानेचं सुटलं. पण झालं काय, मान खाली वाकायची थांबली आणि पुढं जायला लागली. चौकोन बारीक, रंग शेजारी शेजारी, म्हणून माणूस हनुवटी पुढं काढून स्क्रीनमध्ये घुसतो, खुर्चीची पाठ इकडं आणि हा तिकडं. कितीपण भारी खुर्ची द्या, पाठ टेकलीच नाही तर तिचा उपयोग काय.

म्हणून माझं म्हणणं मान डोळ्याच्या मागं जाते. डोळ्याला दिसलं नाही की मान पुढं. अकरा_तारीख तुम्ही आधी विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के करा, पोर्टल ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि प्लस दाबून मोठं करा, एक्सेलला झूम करा. फुकट काम आहे. दुसरं, खिडकी कुठं आहे? आपल्याकडं मार्चपासून जे ऊन असतं ते पाठीमागच्या खिडकीतून थेट स्क्रीनवर येतं, मग माणूस तिरका होऊन बघत बसतो आणि दिवसभर तसाच तिरका. खिडकी बाजूला यायला पाहिजे, तोंडासमोर नको आणि पाठीमागं पण नको. आम्ही मशीनचं तोंड फिरवलं, जिथं फिरवता आलं नाही तिथं सेकंड क्वालिटीची चादर टांगलीय पडदा म्हणून, सोलापुरात त्याला काय तोटा.

अकरा_तारीख

सगळ्यांचे आभार. खुर्चीचे हात काढले, खुर्ची वर घेतली, पायाखाली रिम लावले. खांद्याला फरक आहे, खरंच आहे, हुतात्मावाली ताई तुमचे विशेष आभार. स्केलिंग पण वाढवलं.

पण मॉनिटर वर घेतल्यापासून नवीनच चालू झालंय. जाड बॉक्स फाईली घालून वरची कड बरोबर डोळ्यासमोर आणली, तर आता मानेच्या मागं, केस संपतात तिथं आवळून येतं, आधी तिथं दुखत नव्हतं. बाजूचा पोरगा म्हणतो तुम्ही हनुवटी वर करून बघताय, विमान बघितल्यासारखं. आणि डावीकडचं दुखणं तर तसंच आहे, तिळमात्र कमी नाही. आता काय?

फिजिओ_विजापूर_रोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वरचं सगळं वाचलं. अकरा_तारीख, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये दोन गोष्टी लिहिल्यात ज्यांच्याकडं कुणी बघितलं नाही, एक प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि दुसरी डावीकडची सपाट फाईल.

चष्म्याचं आधी. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलमध्ये जवळचं दिसायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, प्रोग्रेसिव्हमध्ये स्क्रीनच्या अंतराचा भाग मधला अरुंद पट्टा असतो. स्क्रीन डोळ्यासमोर वर आणली की तुम्हाला त्या खालच्या भागातून बघण्यासाठी हनुवटी उचलावी लागते, आणि मान मागं टाकून तासन्‌तास बसलं की कवटीच्या खालचे छोटे स्नायू आवळतात, तुमचं नवीन दुखणं तेच. वरची कड डोळ्यांच्या रेषेत हा नियम साधा चष्मा असणाऱ्यांना किंवा चष्मा नसणाऱ्यांना ठीक आहे. तुम्ही फाईली काढा, मॉनिटर परत खाली घ्या, अगदी स्टँडच्या सगळ्यात खालच्या खाचेत, आणि वरची कड जरा मागं कलती करा. हनुवटी न उचलता अक्षर स्पष्ट दिसलं की ती उंची तुमची. दिवसाचे सात-आठ तास स्क्रीन असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा सिंगल नंबरचा चष्मा करून घ्या, जाताना स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब आहे ते टेपनं मोजून जा, त्यांना तेच लागतं. १८ हजारच्या खुर्चीपेक्षा हा खर्च तुम्हाला जास्त लागू पडेल असं माझं मत.

आता डावीकडचं. बिल डावीकडं सपाट पडलंय, स्क्रीन समोर. प्रत्येक एन्ट्रीला तुम्ही मान खाली आणि डावीकडं वळवता, बिल नंबर बघून वर येता, मग रक्कम बघायला परत खाली, मग जीएसटी नंबर तपासायला परत. दिवसात शेकड्यानं हे होतं आणि सगळं एकाच बाजूला. त्यात तोच फोन मानेत. फोन कुठल्या बाजूला धरता ते लिहिलं नाही, पण उजव्या हातानं नंबरपॅड चालवत असाल तर डावीकडंच धरत असाल, बरोबर? मानेच्या वरच्या मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या टोकाला जाणारा एक स्नायू आहे, डावा खांदा उचलून आणि मान तिकडं कलवून तुम्ही त्याला तासभर आखडून धरता. एका बाजूनंच का दुखतं याचं उत्तर मला यात दिसतं.

उपाय काही अवघड नाही. कागद उभा करा आणि मध्ये आणा. कीबोर्ड आणि मॉनिटर यांच्या मधल्या जागेत उतरता स्टँड ठेवला की नजर फक्त वरखाली होते, मान वळत नाही. ज्या दिवशी नुसती बिलंच मारायची असतील त्या दिवशी कागद बरोबर समोर आणि मॉनिटर जरा बाजूला ठेवला तरी चालेल, ज्याच्याकडं जास्त वेळ बघता ते समोर पाहिजे. फोनला वायरचा साधा हेडफोन लावा, किंवा स्पीकरवर टाका, पार्टीच्या उधारीच्या गोष्टी सगळ्या ऑफिसला ऐकू गेल्या तर ते मालक बघतील.

माऊसचं पण एक. तुम्हाला नंबरपॅड लागतोच, म्हणून छोटा कीबोर्ड घ्या असं मी सांगणार नाही, पण नंबरपॅडच्या पलीकडं माऊस गेला की उजवा हात बाहेर ताणलेला राहतो. टॅलीत माऊस तसाही कमी लागतो, पोर्टलला लागतो. कॅल्क्युलेटर डावीकडं टाका आणि माऊस कीबोर्डला चिकटवून ठेवा. जमलं तर माऊस डाव्या हातानं शिका, आठवडाभर चिडचिड होते मग सवय होते.

काय_बे_सोलापूर, तुमच्या २७ किलोचं. तो आकडा कुणी उगाच बनवलेला नाही. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये तो मांडला. डोकं सरळ असताना साडेचार ते साडेपाच किलो, १५ अंशात वाकलं की सुमारे १२, ३० ला १८, ४५ ला २२ आणि ६० ला २७ किलो. पण हे कॉम्प्युटरवर मानेचं मॉडेल करून काढलेलं गणित आहे, माणसाच्या मानेत काटा लावून मोजलेलं नाही. मान जितकी वाकेल तितका मागच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो हे खरं. पण मान वाकायलाच बनलीय, वाकवल्यानं ती तुटत नाही, एकाच जागी तासन्‌तास धरून ठेवली की ती कुरकुरते. पार्क चौकातली पोरं दर पाच मिनिटाला एकमेकाला टपली मारतात, उठतात, बसतात, म्हणून टिकून आहेत.

एक्सरेतल्या गॅपला घाबरू नका. चाळिशीनंतर ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या एक्सरेत पण मणके थोडे झिजलेले दिसतात, डोक्यावर केस पांढरे होतात तसंच आतही वय दिसतं. रविवारी ज्याचं दुखणं गायब होतं त्याचा गॅप रविवारी भरून येत नसतो. पट्टा ड्रॉवरमध्ये आहे तो तिथंच बरा, जास्त दिवस लावला तर मानेचे स्नायू आळशी होतात.

आणि सलून. हात जोडून सांगते, कटकन मान मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यातून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडं जातात, जोरात पिळल्यावर त्यांचं आतलं अस्तर फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत. होतात कमी, पण झाली की आयुष्य बदलतं. मालिश करा खुशाल, डोक्याची करा, खांद्याची करा, मानेला झटका नको म्हणून आधीच सांगून बसा.

व्यायाम नुसते ताणण्याचे नकोत, ताकदीचे पण पाहिजेत. खरं सांगायचं तर नुसतं टेबल-खुर्ची बदलून मानदुखी जाते याचा पुरावा तितका पक्का नाही, व्यायामाचा जास्त भरवशाचा आहे. आमच्या धंद्यातले लोक पण हे उघड सांगत नाहीत. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागं ओढायची, गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली पाहिजे, पाच सेकंद धरायची, आठ-दहा वेळा. दोन्ही फरे मागं एकमेकाकडं आवळायचे, तसंच. तळहात कपाळाला लावून डोक्यानं ढकलायचं आणि हातानं अडवायचं, डोकं हललं नाही पाहिजे, मग दोन्ही बाजूनं आणि मागून. मग दाराच्या कडीला रबरी बँड अडकवून दोन्ही हातानं आपल्याकडं ओढायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच लोक सोडून देतात. दुखणं वाढलं तर कमी करा. अर्ध्या तासानं उठा, पाणी पिऊन या, ११ तारीख असली तरी. मिनिटभर पुरतं.

एवढं सांगून ठेवते, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, पेन-कप हातातून सुटणं, शर्टाची बटणं लावताना बोटं न ऐकणं, चालताना झोकांड्या, लघवीवरचा ताबा जाणं, ताप आणि मान ताठ, पडल्यावर किंवा अपघातानंतरचं दुखणं, यातलं काही असलं तर इथं लिहीत बसू नका, डॉक्टर गाठा. डावा हात, जबडा आणि छाती एकदम भरून आली, घाम फुटला तर ते मानेचं समजून बाम चोळत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं.

चाटी_गल्ली

मी वयस्कर माणूस, चाटी गल्लीत कापडाच्या पेढीवर मुनिमाचं काम करून रिटायर झालो. मॅडमनी कागद उभा करा म्हणून सांगितलं तेव्हा हसू आलं, कारण आमच्याकडं ते आपोआप होतं. आम्ही गादीवर बसायचो, पुढ्यात लाकडी उतरतं डेस्क, वरचं झाकण आपल्याकडं कलतं, त्यावर रोजमेळ उघडायचा. वही उताराला असल्यानं मान फार खाली जायची नाही. मग टेबलं आली, सपाट, आणि वह्या झोपल्या. गुडघे मात्र मांडी घालून घालून गेले ते गेले, त्याचं क्रेडिट मी गादीला देणार नाही.

अकरा_तारीख साहेब, कागदाचा स्टँड शोधायला नेटवर जाऊ नका. पूजेच्या सामानाच्या दुकानात पोथी ठेवायचा लाकडी स्टँड मिळतो, घडीचा, पाठ असलेला उतरता घ्या, इंग्रजी एक्स सारखा उघडतो तो नको, त्यात सुटं बिल मध्ये घसरतं. खालच्या पट्टीला बिल टेकतं, वरून एक क्लिप लावा नाहीतर पंख्यानं उडतं. माझा मुलगा तोच वापरतो.

अकरा_तारीख

काका भारी आयडिया. घेतला. ऑफिसात सगळे विचारतात पारायण कधी बसतंय म्हणून 😄

मॅडम, फोन डावीकडंच धरत होतो, बरोबर ओळखलंत. वायरचा हेडफोन लावला. मॉनिटर खाली आणला आणि मानेच्या मागचं आवळणं गेलं, जवळजवळ लगेच. डावीकडचं कमी आहे, पूर्ण गेलं नाही, २० तारखेला परत बोललंच ते. बँड घेतलाय पण तो ओढायचं रोज होत नाही. खुर्ची कॅन्सल, मालक खूश. एक विचारायचं होतं, खुर्चीची पाठ आणि माझी कंबर यात पोकळी राहते, तिथं काय घालू?

पॉइंट_पेपर

सोलापुरात राहून हे विचारताय? टेरी टॉवेल गुंडाळा, दोन रबर लावा, कमरेच्या खोलगट जागी ठेवा, पाठीवर नाही. जाड नको, हाताच्या मनगटाएवढी गुंडाळी पुरे. जास्त जाड केली की तीच तुम्हाला पुढं ढकलते आणि परत कडेवर.

पूर्वभागकर

मॅडम, जरा विषयाबाहेरचं विचारतो, रागवू नका. आमची अम्मा घरी बिड्या वळते, हजाराच्या हिशोबानं पैसे मिळतात म्हणून मान वर करत नाही. जमिनीवर बसते, सूप मांडीवर, पानं कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं सगळं मांडीत. टेबल-खुर्ची तिला जमणार नाही, जमिनीवरच हात चालतो तिचा. मान आणि दोन्ही खांदे कायम धरलेले. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि बाजूच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं म्हणते. तुम्ही वर मुंग्यांचं लिहिलं म्हणून भीती वाटली.

फिजिओ_विजापूर_रोड

विषयाबाहेरचं कसं, हेच तर काम मान खाली घालून करायचं आहे, उलट ऑफिसवाल्यांपेक्षा जास्त.

मुंग्यांचं आधी. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं, रात्री जास्त, झटकल्यावर बरं, हे बऱ्याचदा मनगटात नस दबल्यामुळं असतं, सारखं बोटांनी वळायचं काम करणाऱ्या बायकांत मी ते बघते. पण मानेतून पण तसंच येऊ शकतं आणि लिहून दिलेल्यावरून मी ते वेगळं करू शकत नाही. त्यांना दाखवायला पाहिजे. घाईचं नाही, पण पुढं पण ढकलू नका. सिव्हिलला केसपेपर काढून हाडांच्या ओपीडीत दाखवा, डायबेटिस आणि थायरॉईड पण तपासायला सांगा, त्यांच्यामुळं पण मुंग्या येतात. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसतोय का बघा, दिसत असेल तर मग त्याच आठवड्यात जा.

बसण्याचं सांगते. जमिनीवर बसू द्या, सवय मोडायला सांगून कुणी मोडत नाही. पाठ भिंतीला आणि बुडाखाली चार बोटं जाड घडी घातलेली चादर, त्यानं कंबर सरळ राहते. सूप मांडीवरून उचलून छोट्या चौरंगावर किंवा उलट्या पाटीवर ठेवा, मांडीच्या वर पण कोपराच्या खाली येईल इतकं, म्हणजे हात उचलावा लागणार नाही आणि बिडी डोळ्याच्या जवळ येईल. पहिले दोन-तीन दिवस त्यांचा वेग कमी होईल आणि त्या तुम्हाला शिव्या देतील, तेवढं ऐकून घ्या. पानं कापायचं काम आणि वळायचं काम सलग एकेक करण्यापेक्षा आलटून पालटून करता आलं तर बघा, हाताची पकड बदलते. उजेड कुठून येतो? खोलीत आत बसत असतील तर दाराजवळ बसवा. आणि जवळचा चष्मा आहे का त्यांना? त्या वयात बिडी नाकाजवळ नेऊन बघत असतील तर मान कितीही शेकली तरी उपयोग नाही.

पूर्वभागकर

चष्मा आहे, पण दोरा बांधताना काढून ठेवते, खालचं धूसर दिसतं म्हणते. बायफोकलच आहे मॅडम.

फिजिओ_विजापूर_रोड

मग सिव्हिलला जाताना डोळ्यांची ओपीडी पण त्याच दिवशी करा. फक्त जवळचा एक वेगळा चष्मा मागा, आणि सूप ठेवलेलं अंतर मोजून न्या.